दोन थेंबांचा हिशेब

हज यात्रेला निघालेल्यांचे लसीकरण शिबिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मेनिंजायटिसची सुई टोचून होते. दंड चोळत चाचा खुर्चीवरून उठू लागतात. तेवढ्यात सिस्टर म्हणते, ‘थांबा चाचा, थेंब राहिलेत. तोंड उघडा.’ पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, घरी नातवंडांचा गोतावळा, आणि चाचा लहान मुलासारखे ‘आ’ करतात. रांगेत हशा पिकतो. पोलिओचे दोन थेंब जिभेवर पडतात आणि चाचा कागद सांभाळत बाहेर येतात.

लहान मुलांचे थेंब या वयात कशाला, असे बरेच जण विचारतात. कारण साधे आहे. हजच्या काळात जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशातून माणसे एका ठिकाणी येतात, एकत्र राहतात, एकत्र जेवतात. ज्याला स्वतःला काहीच त्रास नाही, अशा माणसाच्या पोटातूनही पोलिओचा विषाणू एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकतो. म्हणून सौदी अरेबियाने काही देशांच्या यात्रेकरूंना ही लस आवश्यक केली आणि भारतातून जाणाऱ्यांनाही ती दिली जाते.

या दोन थेंबांमागे कितीतरी माणसे उभी आहेत. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची टोचून घ्यायची लस आली. त्यानंतर काही वर्षांत आल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस आली. ही दोन नावे आपल्याला ऐकून माहीत असतात. पण ही लस जगातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडापर्यंत नेता येईल का, हा प्रश्न आपल्या संघटनेपुढे ठेवणारे गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हते, डॉक्टरही नव्हते. ते ऑस्ट्रेलियातल्या, ऊस पिकवणाऱ्या भागातल्या एका लहान गावचे अकाउंटंट होते आणि गावच्या रोटरी क्लबचे सभासद होते. त्यांचे नाव सर क्लेम रेनूफ. जून २०२० मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी ते गेले. करोनाच्या त्या दिवसांत आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाच्या नजरेला पडली नाही.

त्यांची आठवण या पानावर काढायला एक कारण आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जिथे सर्वांत अवघड ठरले, त्यात आपल्याच वस्त्या होत्या. आणि ते उत्तर सापडले तेही आपल्याच माणसांच्या मदतीने.

साखर कारखान्याचे गाव

क्लेम रेनूफ यांचा जन्म १९२१ चा, उत्तर क्वीन्सलँडमधल्या इंगम या गावचा. हा सगळा मुलूख उसाचा. दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात होते. पुढे त्यांनी हिशेबाचा व्यवसाय धरला आणि नॅम्बोर या गावात बस्तान बसवले. ब्रिस्बेन शहराच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर हे गाव आहे. इथेही ऊस. गावाच्या मधोमध मोरेटन साखर कारखाना होता. तो १८९७ मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये बंद पडला. गळीत हंगामात उसाने भरलेल्या छोट्या रेल्वेगाड्या थेट गावाच्या मुख्य रस्त्यावरून कारखान्यात जात. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडच्या वाचकांना हे गाव डोळ्यांपुढे आणायला वेळ लागू नये. आपल्याकडे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, तिथे रूळ. हंगामावर चालणारी बाजारपेठ मात्र दोन्हीकडे सारखीच.

१९४९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, रेनूफ नॅम्बोरच्या रोटरी क्लबचे सभासद झाले. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने केली. आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत बैठक व्हायची, म्हणून फिरती या अर्थाने ‘रोटरी’ हे नाव पडले. गावातला डॉक्टर, वकील, दुकानदार, शिक्षक, शेतकरी अशा वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांनी ठरलेल्या दिवशी एकत्र यायचे, जेवायचे आणि गावासाठी काय करता येईल ते बोलायचे, एवढाच या क्लबचा साधा व्यवहार.

महाराष्ट्रात आज तालुक्याच्या गावी रोटरी नाही तर लायन्स क्लब असतोच. मोतीबिंदूचे शिबिर, रक्तदान, बसथांब्यावरचे बाक, उन्हाळ्यातली पाणपोई या कामांवर त्यांची पाटी दिसते. लोक त्यांची थट्टाही करतात. पदग्रहण समारंभ, हारतुरे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, असे म्हणतात. थट्टेत तथ्य असतेही. पण त्याच क्लबात दरवर्षी एखादा असा सभासद भेटतो, जो फोटोच्या वेळी मागे उभा असतो आणि शिबिराच्या दिवशी सकाळी सहाला येऊन सतरंज्या घालत असतो. गाव त्याला ओळखून असते. त्याच्या जाण्यानंतर लोक त्याचे पद आठवत नाहीत, ‘त्यांनी आमच्या आईला दवाखान्यात नेलं होतं’ असे सांगतात. कोणताही क्लब टिकतो तो अशा माणसांवर.

रेनूफ अशाच लहान गावातल्या क्लबातून पुढे आले. १९७८-७९ या वर्षासाठी ते रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. त्याआधी हा मान मिळालेले ऑस्ट्रेलियन एकच होते, मेलबर्नचे अँगस मिचेल. मेलबर्न हे महानगर. नॅम्बोर हे ऊसवाल्यांचे गाव.

एक लेख, एक प्रश्न

रोटरीत एक जुना दंडक होता. प्रत्येक क्लबने आपले काम आपण ठरवायचे. वरून कुणी मोठी योजना लादायची नाही. १९२३ च्या एका ठरावाने ही रीत पक्की केली होती. त्यामुळे जगभर हजारो क्लब असूनही प्रत्येकाचे काम सुटे सुटे होते. इथे एक शाळा, तिथे एक विहीर, आणखी कुठे व्हीलचेअर.

रेनूफ यांच्या वर्षी ही रीत बदलली. आरोग्य, भूक आणि माणुसकी या तीन विषयांसाठी सगळ्या क्लबांनी मिळून मोठे काम उचलावे, अशी योजना १९७८ मध्ये आली. इंग्रजीत या तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच, म्हणून तिला ‘थ्री-एच’ म्हणत. हा बदल सर्वांना रुचला नाही. क्लबांची स्वायत्तता जाईल, पैसा मुख्यालयात गोळा होईल, गावचे काम मागे पडेल, अशा शंका निघाल्या. त्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. ज्याने एखादी संस्था किंवा मशिदीची कमिटी चालवली आहे, त्याला हा वाद नवा वाटणार नाही. आपल्या मोहल्ल्यात द्यायचे की दूरच्या गरजूला, हा प्रश्न दरवर्षी जकात काढताना घराघरांत निघतो.

याच काळात रेनूफ यांच्या वाचनात ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकातला एक लेख आला. देवी या रोगाच्या उच्चाटनावरचा. देवीने हजारो वर्षे माणसे मारली, चेहरे विद्रूप केले, डोळे घालवले. आपल्याकडे अनेक घरांतल्या आजी-आजोबांच्या तोंडावर तिचे व्रण होते. निसर्गात पसरलेल्या देवीचा जगातला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला. एखादा रोग कायमचा संपवता येतो, हे माणसाने पहिल्यांदा करून दाखवले होते.

लेख अनेकांनी वाचला असेल. रेनूफ यांनी वाचून तो बाजूला ठेवला नाही. डॉ. जॉन सेव्हर हे रोटेरियन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ होते. रेनूफ यांनी त्यांना विचारणा केली. लसीने संपवता येईल असा एखादा रोग आहे का, ज्यात रोटरीसारख्या संघटनेने हात घालावा? सेव्हर यांनी विचार करून उत्तर दिले, पोलिओ.

या उत्तरामागे पक्की कारणे होती. पोलिओचा विषाणू माणसांतच राहतो. कुठल्या जनावरात तो दडून बसत नाही, त्यामुळे माणसांतून गेला की संपला. सेबिन यांची लस थेंबांची असल्याने सुई लागत नाही आणि थोड्या प्रशिक्षणावर सामान्य स्वयंसेवकही ती देऊ शकतो. शिवाय ती स्वस्त होती. अडचण एकच, एकही मूल सुटता कामा नये. त्यासाठी पैशांइतकीच माणसे लागणार होती, आणि गावोगाव माणसे असलेली संघटना रोटरीच होती.

क्वीन्सलँडला हा रोग परका नव्हता. एलिझाबेथ केनी या तिथल्याच खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या परिचारिका. पोलिओने आखडलेले पाय प्लास्टरमध्ये जखडण्याच्या काळात त्यांनी गरम पाण्यात पिळलेल्या लोकरी कापडाचा शेक आणि स्नायूंची हालचाल यांचा आग्रह धरला. १९३० च्या दशकात टाउन्सव्हिलमध्ये त्यांनी उपचार केंद्र चालवले. डॉक्टर मंडळींचा रोष पत्करून त्या काम करत राहिल्या. लस येण्याआधी पोलिओपुढे माणसाच्या हातात एवढेच होते, शेक, चोळणे आणि कॅलिपर.

थ्री-एच योजनेतला पहिला मोठा प्रकल्प फिलिपिन्समध्ये झाला, पाच वर्षांत सुमारे ६० लाख मुलांना पोलिओची लस देण्याचा. २९ सप्टेंबर १९७९ रोजी मनिलाजवळच्या एका वस्तीत पहिले थेंब दिले गेले. तोवर रेनूफ यांचे वर्ष संपले होते. थेंब देण्याचा मान त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जेम्स बोमार यांना मिळाला. सेवा क्लबांत पद एका वर्षाचे असते. झाड लावणारा एक आणि सावलीत फोटो काढणारा दुसरा, हे तिथे ठरलेलेच. चांगले काम तेच, जे पुढच्या माणसाला आपले वाटते. फिलिपिन्सचे काम तसे ठरले. १९८५ मध्ये रोटरीने ‘पोलिओप्लस’ जाहीर केले. १२ कोटी डॉलर जमवण्याचे ठरले आणि १९८८ पर्यंत त्याच्या दुप्पट रक्कम जमा झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून पोलिओ संपवण्याचा ठराव केला. तेव्हा दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने लुळी होत होती आणि १२५ देशांत तो ठाण मांडून होता.

दारावरचा खडू

भारतात २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत एकाच दिवशी सर्व मुलांना थेंब पाजण्याचा प्रयोग झाला. १९९५ च्या डिसेंबरपासून पल्स पोलिओ देशभर सुरू झाला. पुढचे सारे आपण पाहिलेले आहे. रविवारी बूथ, पिवळे फलक, रिक्षावरचा भोंगा, डाव्या करंगळीवर शाईची खूण, सोमवारपासून घरोघरी फिरणाऱ्या बाया. एकेका राष्ट्रीय फेरीत १७ कोटींच्या आसपास मुलांना थेंब दिले जात आणि वीस लाखांहून अधिक लोक त्यासाठी राबत. रोटरीचे सभासद बूथवर बसत, मुलांना शिट्ट्या, टोप्या वाटत, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता बघत. ही कामे दिसायला लहान, पण त्यांच्याविना बूथ चालत नाही.

मोजणीची एक पद्धत होती. ज्या घरातल्या सर्व मुलांना थेंब मिळाले त्या दारावर खडूने ‘पी’ लिहायचे. कुणी मूल घरी नव्हते किंवा घरच्यांनी नकार दिला, तर ‘एक्स’. ही ‘एक्स’ची घरे पुन्हा पुन्हा गाठायची. मोहीम पुढे सरकली तसे लक्षात आले की, रोगाचे भवितव्य या थोड्या दारांवर अडले आहे. २००२ मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले. त्यातले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले, आणि तिथल्या रुग्णांत निम्म्याहून जास्त मुले मुस्लिम घरांतली. मुरादाबाद, मेरठ, अलीगढ, बदायूं ही नावे त्या काळात आरोग्य खात्याच्या नकाशावर लाल रंगात असत.

त्यावर ‘हे लोक अडाणी आहेत’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि काही जण तसे म्हणालेही. पण दाराच्या आतल्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे होते. या थेंबांनी मूलबाळ होत नाही, अशी अफवा होती. ती हवेतून आली नव्हती. १९७६ ची नसबंदी अजून विसरली गेली नव्हती. ज्या सरकारी गाडीने तेव्हा माणसे उचलून नेली, तीच गाडी आता फुकट औषध घेऊन दारात का येते, असा तो संशय होता. दुसरा प्रश्न आईचा असे. एकदा दिले, दोनदा दिले, दहा वेळा दिले, आता पुन्हा कशाला? तिसरी तक्रार सर्वांत खरी होती. गटार तुंबलेले आहे, पिण्याचे पाणी गढूळ आहे, ताप आला तर दवाखान्यात डॉक्टर नाही, त्याकडे कुणी बघत नाही. मग या एका रोगासाठीच सगळे दारात का?

आईच्या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर होते, पण ते नीट सांगितले जात नव्हते. पोलिओचा विषाणू विष्ठेतून आणि दूषित पाण्यातून पसरतो. सुमारे दोनशे मुलांना लागण झाली तर एखादेच लुळे होते. बाकीची हसत-खेळत तो पसरवत राहतात. दाट वस्ती, उघडी गटारे आणि सततची हगवण असेल तिथे तोंडावाटे दिलेली लस पोटात नीट रुजत नाही. म्हणून शहरातल्या बंगल्यातल्या मुलाला तीन-चार डोस पुरत असतील, तर या वस्तीतल्या मुलाला त्याच्या कितीतरी पट द्यावे लागत. म्हणजे गटाराची तक्रार आणि थेंबांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

बदल झाला तो दटावणीने झाला नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्था मोहिमेत आल्या. तिथले प्राध्यापक, डॉक्टर आणि विद्यार्थी वस्त्यांत जाऊन बसले. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची समिती नेमली. मौलानांनी मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून फेरीची तारीख सांगितली, मदरशांत बूथ लागले, कुणी सर्वांसमोर आपल्याच मुलांना थेंब पाजले. युनिसेफने त्याच मोहल्ल्यातल्या हजारो बायांना या कामाला लावले. त्या ओळखीच्या होत्या, दारात उभ्या न राहता आत येऊन बसू शकत होत्या. थेंबांबरोबर त्या हात धुणे, आईचे दूध, हगवणीवर ओआरएस हेही सांगू लागल्या. आपले बाकीचे दुखणेही कुणी विचारते आहे, हे दिसल्यावर दारे उघडू लागली.

हे सारे नॅम्बोरच्या अकाउंटंटला आधी कसे ठाऊक असणार? मोठ्या सेवेचा हिशेब असाच असतो. पैसा किती, लस किती, माणसे किती, हे कागदावर मांडता येते. दारातल्या आईचा भरवसा कोणत्या रकान्यात लिहायचा? तो मिळेपर्यंत बाकीचे सगळे आकडे अर्धवट राहतात. रेनूफ यांनी सुरुवात केली ती प्रश्नाने. त्या प्रश्नाचा शेवट मुरादाबादच्या गल्लीत एका बाईने दुसऱ्या बाईच्या चुलीशी बसून केला. तिचे नाव कुठल्याही पाटीवर नाही.

मालेगावपासून उसाच्या फडापर्यंत

महाराष्ट्र या कहाणीत दोन्ही बाजूंनी आहे. ही लस वर्षानुवर्षे ज्या मोजक्या ठिकाणी तयार होत आली, त्यात परळची हाफकिन संस्था आहे. मुंबईत भरलेल्या कुप्या देशात आणि युनिसेफमार्फत परदेशातही गेल्या.

आणि रोगही इथे होता. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. नवी, दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी लस त्या वर्षाच्या सुरुवातीला आली होती आणि तिचा गुण दिसत होता. त्या बेचाळिसात महाराष्ट्रातली ५ मुले होती. मालेगावचे नाव तेव्हा पोलिओच्या बातम्यांत होते. यंत्रमागांच्या त्या शहरात दाट वस्ती आहे आणि पोटासाठी उत्तरेकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ये-जा आहे, त्यामुळे विषाणूला रस्ता सापडणे अवघड नव्हते.

फिरत्या माणसांची मुले हीच शेवटची अडचण ठरली. वीटभट्ट्या, बांधकामांच्या जागा, रेल्वे फलाट, पुलाखालच्या झोपड्या. आपल्याकडे त्यात आणखी एक भर, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या. बीडहून दिवाळीच्या सुमारास निघायचे आणि पाच-सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहायचे. या मुलांचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल कारखान्याच्या तळावर. फेरीच्या वेळी आशा आणि अंगणवाडी सेविका बर्फाच्या पेटीसह या कोप्यांवर जाऊ लागल्या. एका साखरेच्या गावात सुचलेला विचार असा दुसऱ्या साखरेच्या मुलखात पोहोचला, तोही सर्वांत खालच्या माणसाच्या दारात.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. निसर्गात पसरलेल्या विषाणूचा भारतातला तो शेवटचा रुग्ण. तीन वर्षे वाट पाहून, तपासून, २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ज्या देशात पोलिओ सर्वांत शेवटी जाईल असे तज्ज्ञ म्हणत, तो देश आधी मोकळा झाला.

उरलेली रक्कम

रेनूफ यांनी हे पाहिले. आफ्रिका खंड निसर्गातल्या पोलिओपासून मुक्त झाल्याची घोषणा २५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. ती मात्र ते गेल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. हिशेब पुरा झालेला पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते आणि तो अजून झालेलाही नाही.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. २०२४ मध्ये पाकिस्तानात सत्तरहून अधिक मुलांना पोलिओ झाला. तिथे थेंब द्यायला निघालेल्या बायांवर आणि त्यांच्या रक्षणाला असलेल्या पोलिसांवर गोळ्या झाडल्या जातात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गाझात दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला. पंचवीस वर्षांत तिथे पोलिओ नव्हता. युद्धाने लसीकरण मोडले, पाणी आणि सांडपाणी एक झाले, आणि रोग परत आला. तो लसीतल्या कमजोर विषाणूपासून तयार झालेला प्रकार होता. ज्या वस्तीत बरीच मुले लसीविना राहतात तिथे तो विषाणू माणसामाणसांतून फिरत पुन्हा जोर धरू शकतो. २०२४ मध्येच आपल्या मेघालयातही लसीतल्या विषाणूमुळे पोलिओ झालेले एक मूल सापडले. याचा अर्थ लस सोडावी असा नाही. कुणालाही लसीविना सोडू नये, असा आहे.

पोलिओ रविवार आता पूर्वीसारखे वरचेवर येत नाहीत, त्यामुळे हा रोग इतिहासजमा झाला असे वाटू लागते. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शहरातली अनेक कुटुंबे ईदसाठी गावी निघतील. कपडे, शेवया, सुकामेवा पिशव्यांत भरला जाईल. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड त्याच पिशवीत ठेवावे. जन्मतःच एक डोस, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना थेंब, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पुन्हा एक. त्याबरोबर दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना पोलिओची छोटी सुई. यातला एखादा डोस शहर सोडल्यामुळे राहिला असेल तर तो गावच्या आरोग्य केंद्रात घेता येतो. कार्ड हरवले तरी मुलाला परत पाठवत नाहीत.

आणि ज्यांच्या घरी लहान मूल नाही, त्यांनी शेजारी विचारावे. नव्याने राहायला आलेले भाडेकरू, बांधकामावरचे कुटुंब, मशिदीच्या कोपऱ्यावर फुगे विकणारी बाई. बाळाचे डोस झाले का, एवढे विचारायला कुठल्या क्लबचे सभासदत्व लागत नाही. आपल्या भागातल्या आशाताईंचा फोन नंबर त्या बाईला लिहून द्यावा, आणि तिला वाचता येत नसेल तर स्वतःच लावून द्यावा.